दोन ग्रॅमचा हिशेब: वनस्पती स्टेरॉल घेऊनही न उतरलेलं एलडीएल

पार्श्वभूमी

वय ४९, स्त्री. बैठं काम, धूम्रपान नाही, रक्तदाब १२४/७८, मधुमेह नाही, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणालाही कमी वयात हृदयविकार नाही. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

नेहमीच्या तपासणीत एकूण कोलेस्टेरॉल २३४, एचडीएल ('चांगलं' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल) ५४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ११० आणि एलडीएल ('वाईट' म्हटलं जाणारं कोलेस्टेरॉल) १५८ आलं. (हे आणि पुढचे रक्तातले आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. कोलेस्टेरॉलचे आकडे मिलिमोलमध्ये हवे असतील तर ३८.७ ने भागा.) तीन वर्षांपूर्वी याच बाईंचं एलडीएल १३० होतं. रजोनिवृत्तीच्या आसपास एलडीएल चढतं, त्यामुळे वाढ अनपेक्षित नव्हती. तरी डॉक्टरांनी वयावर ढकलून विषय संपवला नाही. थायरॉइड, एचबीए१सी (गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचं माप), यकृताची एन्झाइम्स आणि लघवीतली प्रथिनं तपासून घेतली. मंदावलेला थायरॉइड, मूत्रपिंडातून प्रथिनं जाणं, पित्ताचा अडथळा यांपैकी काहीही असलं तर एलडीएल वाढतं, आणि तिथे आहाराचे प्रयोग करत बसणं म्हणजे मूळ आजाराला वेळ देणं. सगळं ठीक निघालं.

दहा वर्षांचा हृदयविकाराचा अंदाजी धोका कमी होता, आणि ज्या पातळीला सहसा थेट औषध सुचवतात त्या १९० च्या एलडीएल बरंच खाली होतं. स्टॅटिन, म्हणजे यकृतातलं कोलेस्टेरॉलचं उत्पादन कमी करणारं औषध, आत्ताच सुरू करायला हवं असं काही नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तीन महिने आहाराने पाहू, १३० च्या खाली आणू." आहाराने म्हणजे नेमकं कशाने, हे मात्र ठरलं नाही, आणि पुढचा सगळा गोंधळ तिथूनच सुरू झाला. बाईंनी वनस्पती स्टेरॉलबद्दल वाचलं आणि स्वतःच कॅप्सूल आणल्या.

स्टेरॉल करतात काय

प्रकरण समजायला एवढी माहिती लागेल. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या पेशींच्या आवरणात जे काम करतं, तेच वनस्पतींमध्ये स्टेरॉल करतात: सिटोस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, स्टिग्मास्टेरॉल. रचना जवळजवळ सारखी, फरक फक्त शेपटीत. सिटोस्टेरॉलच्या शेपटीवर दोन कार्बनचा एक जादा तुकडा असतो, कॅम्पेस्टेरॉलच्या शेपटीवर एका कार्बनचा. आपल्या आतड्याला हा फरक कळतो. आतड्यात आलेल्या कोलेस्टेरॉलपैकी साधारण निम्मं शोषलं जातं, वनस्पती स्टेरॉल पाच टक्क्यांहून कमी, आणि त्यांचंच हायड्रोजन जोडलेलं रूप असलेले स्टॅनॉल त्याहूनही कमी. चुकून आत शिरलेले स्टेरॉल आतड्याच्या पेशी एबीसीजी५ आणि एबीसीजी८ या पंपांनी परत बाहेर टाकतात.

मग स्वतः न शोषला जाणारा पदार्थ रक्तातलं एलडीएल कसा उतरवतो? कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही. पित्ताम्लं त्याला मायसेल नावाच्या सूक्ष्म गोळ्यांत बसवून आतड्याच्या भिंतीपर्यंत नेतात. त्या गोळ्यांत जागा मोजकी असते. स्टेरॉल ती जागा अडवतात, कोलेस्टेरॉल बाहेर राहतं आणि शौचावाटे निघून जातं. यात फक्त ताटातलं कोलेस्टेरॉल धरायचं नाही. पित्तातून दररोज आतड्यात उतरणारं कोलेस्टेरॉल जेवणातल्यापेक्षा कितीतरी जास्त असतं, आणि तेही यात अडतं. म्हणून अंडी-मांस न खाणाऱ्यांवरही स्टेरॉलचा परिणाम होतो. यकृताकडे परतणारं कोलेस्टेरॉल घटलं की यकृत आपले एलडीएल-ग्राहक (पेशींवरची एलडीएल पकडणारी प्रथिनं) वाढवतं आणि रक्तातलं एलडीएल ओढून घेतं. त्याच वेळी ते स्वतःचं उत्पादनही थोडं वाढवतं, म्हणून परिणामाला मर्यादा पडते. दिवसाला दोन ग्रॅमने एलडीएल साधारण ८ ते १० टक्के उतरतं. तीन ग्रॅमच्या पुढे जाऊन फारसं काही हाती लागत नाही.

दुसरी अडचण विद्राव्यतेची. शुद्ध स्टेरॉल मेणासारखे, १४० अंश सेल्सियसच्या आसपास वितळणारे स्फटिक असतात. पाण्यात अजिबात नाही, तेलातही जेमतेमच विरघळतात. १९५० च्या दशकात ते औषध म्हणून दिले जात तेव्हा दिवसाला दहा-दहा ग्रॅम आणि त्याहून जास्त भुकटी घ्यावी लागे. पुढे स्निग्धाम्ल जोडून त्यांचं एस्टर करण्याची युक्ती सापडली. एस्टर तेलात सहज मिसळतं. फिनलंडमध्ये १९९५ साली स्टॅनॉल एस्टरचं मार्जरिन बाजारात आलं ते याच युक्तीवर. या प्रकरणातली पहिली चूक याच 'एस्टर' शब्दात दडलेली होती.

अडचण: सहा आठवडे, शून्य परिणाम

कॅप्सूल सहा आठवडे चालल्या. पुन्हा तपासणी केली तर एलडीएल १६१. बाईंनी निष्कर्ष काढला की स्टेरॉल वगैरे सगळं थोतांड आहे, आता गोळीच सुरू करावी. त्या मनःस्थितीत त्या आहारतज्ज्ञांकडे आल्या. आहारतज्ज्ञांनी काहीही बदलण्याआधी बाटली मागवली आणि उरलेल्या कॅप्सूल मोजल्या.

बाटलीवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं 'प्लांट स्टेरॉल ८००'. मागे बारीक अक्षरांत: स्टेरॉल एस्टर ८०० मिलिग्रॅम. एस्टरच्या वजनात जोडलेलं स्निग्धाम्लही येतं. सिटोस्टेरॉलचा रेणुभार ४१५, लिनोलेइक आम्ल जोडल्यावर तो ६७७ होतो. म्हणजे एक ग्रॅम मुक्त (स्निग्धाम्ल न जोडलेल्या) स्टेरॉलसाठी साधारण १.६५ ग्रॅम एस्टर लागतं. दोन ग्रॅम, दीड ग्रॅम असे जे आकडे सल्ल्यात येतात ते जवळजवळ नेहमी मुक्त स्टेरॉलचे असतात. बाईंच्या रोजच्या दोन कॅप्सूलमध्ये एस्टर १६०० मिलिग्रॅम, म्हणजे मुक्त स्टेरॉल जेमतेम ९७०.

तेही रोज नाही. ४२ दिवसांत ८४ कॅप्सूल संपायला हव्या होत्या, २६ शिल्लक निघाल्या. शनिवार-रविवार बहुतेक चुकले होते. ५८ कॅप्सूलचा हिशेब केला तर सरासरी दिवसाला ६७० मिलिग्रॅम मुक्त स्टेरॉल पडतात, सल्ल्यातल्या दोन ग्रॅमच्या एक तृतीयांश.

शिवाय वेळ. जेवण साडेसातला, कॅप्सूल झोपताना अकराला. मायसेल तयार होतात ते पित्त आल्यावर, आणि पित्ताशय आकसतं ते पोटात स्निग्ध अन्न गेल्यावर. रिकाम्या आतड्यात गेलेल्या स्टेरॉलला अडवायला जागाच फारशी नसते. सकाळचा की रात्रीचा, हा प्रश्न गौण आहे. जेवणाबरोबर की नुसतंच, हा प्रश्न महत्त्वाचा.

चौथी गोष्ट विचारल्याशिवाय बाहेर आली नसती. याच सहा आठवड्यांत घरी दाबाची कॉफी करायचं जाळीचं भांडं आलं होतं आणि बाई दिवसाला चार कप पीत होत्या. कॉफीच्या तेलात कॅफेस्टॉल नावाचा पदार्थ असतो, तो एलडीएल वाढवतो. कागदी गाळणी त्याला अडवते, धातूची जाळी अडवत नाही. चार-पाच कप न गाळलेल्या कॉफीने काही आठवड्यांत आठ-दहा अंकांची भर पडू शकते. म्हणजे अर्धवट मात्रेने जे काही थोडं उतरलं असेल, ते कॉफीने भरून काढलं असण्याची शक्यता होती. सिद्ध करता येणार नव्हतं, पण नाकारताही येत नव्हतं.

आणि शेवटी मोजमाप. आहार, वजन, औषधं काही न बदलता एकाच माणसाचं एलडीएल दोन तपासण्यांत सात-आठ टक्क्यांनी इकडेतिकडे होतं. जो उपाय फार तर दहा टक्के देणार, त्याचा निकाल आधीच्या एका आणि नंतरच्या एका आकड्यावर लावणं म्हणजे तराजूचा काटा हलत असताना वजन वाचणं. १५८ आणि १६१ या दोन आकड्यांवरून स्टेरॉल चालले की नाही, हे कळणारच नव्हतं.

पर्याय

स्टॅटिन लगेच. मध्यम मात्रेचं स्टॅटिन एलडीएल ३० ते ४९ टक्के उतरवतं आणि हृदयविकाराचे झटके प्रत्यक्ष कमी होतात, हे मोठ्या चाचण्यांत दिसलेलं आहे. स्टेरॉलबद्दल असं म्हणता येत नाही. एलडीएल उतरतं हे पक्कं, पण झटके कमी होतात का, हे थेट तपासणारी मोठी चाचणी झालेली नाही. म्हणूनच तज्ज्ञांत दोन मतं दिसतात. युरोपातल्या हृदयरोग संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेने काही गटांसाठी मुख्य जेवणाबरोबर दिवसाला किमान दोन ग्रॅमचा विचार करावा असं म्हटलं. औषधाची गरज नसलेले कमी-मध्यम धोक्याचे लोक त्या गटांतच मोडतात. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने मात्र २०१४ मध्ये हृदयविकार टाळण्यासाठी स्टेरॉलचा सल्ला देऊ नका अशी भूमिका घेतली होती. दोघांपुढचा पुरावा एकच होता. वाद असा, की एलडीएलचा आकडा उतरला एवढ्यावर किती विसंबायचं. या बाईंचा धोका कमी असल्याने डॉक्टरांनी स्टॅटिन बाजूला ठेवलं, बाद केलं नाही.

नैसर्गिक अन्नातून स्टेरॉल. बाईंचा हा आवडता पर्याय: कॅप्सूल नको, तेल-बियांतूनच घेऊ. गणित जमत नाही. साध्या आहारातून दिवसाला २०० ते ४०० मिलिग्रॅम स्टेरॉल मिळतात, वनस्पतीप्रधान आहारात थोडे जास्त. तिळात १०० ग्रॅममागे साधारण ४०० मिलिग्रॅम असतात, म्हणजे दोन ग्रॅमसाठी अर्धा किलो तीळ. मक्याच्या तेलात १०० ग्रॅमला ग्रॅमभराच्या आसपास, म्हणजे २०० ग्रॅम तेल आणि १८०० कॅलरी. बिया, सुकामेवा, डाळी खाव्यात, त्यांची कारणं वेगळी आहेत. पण दोन ग्रॅमची मात्रा स्टेरॉल घातलेल्या पदार्थातूनच येते.

संपृक्त चरबी कमी करणं. तीन दिवसांच्या नोंदीत एकूण ऊर्जेपैकी सुमारे १४ टक्के संपृक्त चरबीतून येत होती. सात-आठ टक्क्यांवर आणायला भरपूर वाव होता.

विरघळणारे तंतू. दिवसाला दहा ग्रॅम ईसबगोलाने पाच ते सात टक्के, ओट किंवा बार्लीतल्या तीन ग्रॅम बीटा-ग्लुकनने पाचेक टक्के उतार मिळतो.

सगळं एकदम. टोरोंटोत २००३ साली एक प्रसिद्ध चाचणी झाली. स्टेरॉल, चिकट तंतू, सोयाप्रथिनं आणि बदाम असा एकत्रित आहार चार आठवडे पूर्णपणे पुरवला, तेव्हा एलडीएल जवळपास २९ टक्के उतरलं, २० मिलिग्रॅम लोव्हास्टॅटिनच्या तोडीस तोड. पण हाच आहार नुसत्या सल्ल्यावर, लोकांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात सहा महिने चालवून पाहिला (निकाल २०११), तेव्हा उतार १३-१४ टक्केच राहिला. औषधासारखं खाणं आणि घरचं खाणं यांतला फरक या दोन आकड्यांत दिसतो.

लाल यीस्ट तांदळाच्या गोळ्यांबद्दलही बाईंनी विचारलं. त्यातला मोनाकोलिन के म्हणजे रासायनिकदृष्ट्या लोव्हास्टॅटिनच, फक्त प्रत्येक बाटलीत किती हे नक्की नसतं. औषध घ्यायचंच तर मोजलेलं घ्यावं. हा पर्याय तिथेच संपला.

खरा निर्णय 'काय' याचा नव्हता, 'कोणत्या क्रमाने' याचा होता. सगळं एकदम केलं तर लवकर उतरतं, पण कशाने उतरलं ते कळत नाही. बाईंचं म्हणणं स्पष्ट होतं: "यातलं काय लागू पडतंय ते मला कळू द्या. नाहीतर वर्षभर कशाला घेऊ?" धोका कमी असल्याने पाच महिने थांबायला हरकत नव्हती. झटका येऊन गेलेला रुग्ण असता तर हीच सवड देणं चूक ठरलं असतं.

केलेली कृती

सुरू करण्याआधी एक गोष्ट पाहून घेतली: टाचेमागच्या स्नायुबंधावर किंवा कोपर-गुडघ्यांवर चरबीच्या गाठी आहेत का, रक्तगणनेत प्लेटलेट कमी आहेत का. सिटोस्टेरॉलेमिया हा दुर्मीळ आनुवंशिक आजार १९७४ मध्ये प्रथम नोंदला गेला. त्यात वर सांगितलेले एबीसीजी पंपच बिघडलेले असतात, वनस्पती स्टेरॉल रक्तात साचतात आणि लहान वयात हृदयविकार होऊ शकतो. अशा माणसाला स्टेरॉल देणं घातक आहे. नेहमीच्या तपासणीत हे स्टेरॉलही 'कोलेस्टेरॉल' म्हणूनच मोजले जातात, त्यामुळे अहवाल पाहून शंका येत नाही. इथे तशी कोणतीही खूण नव्हती.

पहिले चार आठवडे कॅप्सूल बंद, कॉफी कागदी गाळणीतून, बाकी सगळं जसंच्या तसं. मग दहा दिवसांच्या अंतराने दोन तपासण्या: प्रयोगशाळा तीच, सकाळची वेळ, बारा तासांचा उपास, सर्दी-तापाचे दिवस टाळून. एलडीएल १५६ आणि १५०, सरासरी १५३. दोन आकड्यांची सरासरी घेतली की मोजमापाचा हेलकावा साधारण तीस टक्क्यांनी कमी होतो. एका जादा तपासणीच्या मोबदल्यात हे स्वस्त आहे.

स्टेरॉल कोणत्या रूपात घ्यायचे यावर थोडा खल झाला. ब्रेडला लावायच्या स्प्रेडमध्ये दहा ग्रॅमला ०.७५ ग्रॅम मुक्त स्टेरॉल होते, म्हणजे दिवसाला तीन वेळा दहा-दहा ग्रॅम. कागदावर सोपं. पण बाईंनी नेहमीप्रमाणे लावून दाखवलेला थर वजनकाट्यावर सहा ग्रॅमच भरला. स्प्रेडची मात्रा हटकून अशीच निसटते. शिवाय ते लोण्याच्या जागी यायला हवं, लोण्याच्या जोडीला नव्हे, आणि कमी चरबीचं स्प्रेड तळायला चालत नाही. म्हणून दह्याच्या पेयाची १०० मिलीची बाटली निवडली: एका बाटलीत दोन ग्रॅम, आणि लेबलवर 'मुक्त स्टेरॉल' असा स्पष्ट उल्लेख. एक बाटली, दुपारच्या मुख्य जेवणाबरोबर. जेवणाआधी नाही, नाश्त्याऐवजी नाही. पेयातल्या कॅलरींपुरती संध्याकाळची बिस्किटं कमी केली. रिकाम्या बाटल्या एका पिशवीत साठवायच्या, कारण आठवणीपेक्षा पिशवी जास्त खरं बोलते.

रोज एक जादा वाटी गाजर, भोपळा, रताळं किंवा गडद पालेभाजी, थोड्या तेलाबरोबर. स्टेरॉल कोलेस्टेरॉलबरोबर कॅरोटिनचं शोषणही काहीसं घटवतात. रक्तातलं बीटा-कॅरोटिन दहा टक्क्यांच्या आसपास उतरू शकतं, आणि एवढ्या भाजीने ते भरून निघतं.

चरबीला आणि तंतूंना या सहा आठवड्यांत हात लावला नाही.

मध्येच एक घरगुती भानगड झाली. फ्रिजमधल्या गोड बाटल्या घरातल्या चार वर्षांच्या मुलाला आवडू लागल्या. युरोपातल्या नियमांनुसार अशा पदार्थांच्या वेष्टनावर ते पाच वर्षांखालील मुलांसाठी आणि गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांसाठी योग्य नसू शकतात असं छापावं लागतं. एक-दोन बाटल्यांनी काही बिघडत नाही, पण वाढत्या वयात कोलेस्टेरॉल आणि कॅरोटिनचं शोषण अडवायचं काही कारणही नसतं. बाटल्या कामाच्या ठिकाणच्या फ्रिजमध्ये हलवल्या. दुपारचं जेवण तिथेच होत असल्याने नियमितपणाही सुधारला, हा अनपेक्षित फायदा.

परिणाम

४२ दिवसांत ३९ बाटल्या, सरासरी १.८६ ग्रॅम. शेवटी पुन्हा दहा दिवसांच्या अंतराने दोन तपासण्या, त्या काळातही बाटली चालू. एलडीएल १४१ आणि १३७, सरासरी १३९. उतार १४ अंकांचा, नऊ टक्क्यांचा. एचडीएल आणि ट्रायग्लिसराइड जवळपास होते तिथेच, आणि तसंच अपेक्षित होतं.

पुढचे आठ आठवडे स्टेरॉल चालू ठेवून दोन बदल एकत्र केले. लोणी, चीज आणि मलईदार दूध कमी करून त्यांच्या जागी असंपृक्त तेलं आणि सुकामेवा आणला. ईसबगोल पहिल्या आठवड्यात तीन ग्रॅम, मग सकाळी-संध्याकाळी पाच-पाच ग्रॅम. ईसबगोल पेलाभर पाण्यात ढवळून लगेच प्यायचं. पाणी कमी पडलं किंवा वेळ लागला तर ते घट्ट होऊन घशात अडकतं. इतर औषधांत आणि त्यात दोन तासांचं अंतर ठेवायचं. पहिले दहा दिवस पोट फुगण्याची तक्रार होती, नंतर गेली. एलडीएल १२६ आणि १२२, सरासरी १२४. सुरुवातीच्या १५३ पासून एकूण १९ टक्के.

वर्षाच्या शेवटी मात्र १३३ आलं. बाटल्यांची खरेदी पाहिली तर आठवड्याला सरासरी चार, म्हणजे दिवसाला सव्वा ग्रॅमच्याही आत, आणि ईसबगोल दिवसातून एकदाच. स्टेरॉलचा परिणाम घेत असेपर्यंतच टिकतो. बंद केले की दोन-तीन आठवड्यांत आकडा जुन्या जागी परततो, साठा काही राहत नाही. डॉक्टरांनी धोका पुन्हा मोजला, तो कमीच होता. बाईंनी बाटली पुन्हा रोज सुरू केली, ईसबगोल एक वेळच ठेवलं, आणि पुढची तपासणी सहा महिन्यांनी ठरली.

वेगळं काय करता आलं असतं

डॉक्टरांच्या "आहाराने पाहू" या वाक्याला त्याच दिवशी आकडे जोडायला हवे होते: कोणता पदार्थ, किती ग्रॅम, कशाबरोबर, किती दिवस, आणि नंतर कोणती तपासणी. पहिले सहा आठवडे वाया गेले ते यामुळे. कॅप्सूल मुळात वाईट होत्या असं नाही. मुक्त स्टेरॉलचे दोन ग्रॅम भरतील इतक्या, म्हणजे रोज चार, त्याही जेवणांबरोबर घेतल्या असत्या, तर त्यांनाही न्याय मिळाला असता. गोळीच्या रूपात स्टेरॉल पोटात नीट विखुरतात की नाही हे मात्र उत्पादनागणिक बदलतं, म्हणून अन्नात मिसळलेलं रूप पहिली निवड असावी.

दुसऱ्या टप्प्यात चरबी आणि ईसबगोल एकत्र बदलले, ही तडजोड होती. पंधरा अंकांपैकी कुणाचे किती, हे आता सांगता येत नाही. वर्षाअखेरीस ईसबगोल अर्धं झालं तेव्हा नेमकं किती गमावलं हेही त्यामुळे धूसर राहिलं. आणखी आठ आठवडे घालवायला बाई तयार नव्हत्या, आणि ते समजण्यासारखं आहे.

बाई स्टॅटिनवर असत्या तर हिशेब थोडा बदलला असता. स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली की एलडीएल आणखी साधारण सहा टक्केच उतरतं. स्टेरॉल त्याहून कमी देत नाहीत, कारण एक उत्पादनावर काम करतं आणि दुसरं शोषणावर. एझेटिमाइब हे औषध मात्र शोषणाचाच दरवाजा बंद करतं, तिथे स्टेरॉलची भर कमी अपेक्षावी. पित्ताम्लं बांधणारी औषधं चालू असतील तर त्यांच्यात आणि स्टेरॉलमध्ये काही तासांचं अंतर हवं.

थांबायचं कधी, हे सुरुवातीलाच लिहून ठेवलं होतं, आणि कुठल्याही अशा प्रयोगात ते ठेवावं. काहींचं शरीर कोलेस्टेरॉल फारसं शोषतच नाही, स्वतःच भरपूर बनवतं. अशा लोकांवर स्टेरॉलचा परिणाम नगण्य असतो. रक्तातल्या कॅम्पेस्टेरॉल (शोषणाची खूण) आणि लॅथोस्टेरॉल (उत्पादनाची खूण) यांच्या मोजमापाने ते ओळखता येतं, पण ती तपासणी रोजच्या वापरातली नाही. म्हणून साधा नियम ठरवला: आधी दोन, नंतर दोन तपासण्या, मध्ये सहा आठवडे, ८५ टक्क्यांहून जास्त बाटल्या रिकाम्या, आणि तरीही उतार पाच टक्क्यांच्या आत असेल तर पेय बंद करून तोच खर्च आणि त्याच कॅलरी दुसरीकडे लावायच्या. इथे ९३ टक्के बाटल्या रिकाम्या झाल्या आणि उतार नऊ टक्के आला, म्हणून पेय चालू राहिलं.